शेवटून पहिली

दादा, सप्रेम नमस्कार.

मी ४६ वर्षांची, रामबागेत राहते, शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी यजमानांच्या नादाने सायकल चालवायला लागले आणि गिअरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतली. आमचा आठ जणांचा कंपू आहे. रविवारी पहाटे निघतो. कधी तिंछा, कधी चोरल, पावसाळ्यात महूपर्यंत सायकली गाडीवर टाकून जाम गेट, वर्षातून एकदा जानापाव. आठांत मी कायम शेवटची. कंपूत माझं नावच ‘शेवटून पहिली’ पडलंय.

गेल्या वर्षापासून उजवा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडू नका, पण चढावर जोर लावू नका. म्हणून इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं मनात आलं. ते बोलून दाखवलं आणि गहजब झाला. एक जण म्हणाले, “मग स्कूटीच घ्या की.” दुसरे म्हणाले, “चालेल, वहिनी कच्चं लिंबू.” यजमान एवढंच म्हणाले, “मग त्यात तुझं काय राहिलं?” बाकीच्यांचं हसण्यावारी नेलं, हे मात्र लागलं.

पैसे माझे आहेत, तो प्रश्न नाही. ही लबाडी आहे का, ते सांगा. आणि नसेल, तर ही वस्तू आपल्या रस्त्यांवर टिकते का?

– शेवटून पहिली, इंदूर

•

ताई,

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा खरा अवघड आहे, आणि तुमच्या कंपूने सगळा दम पहिल्यावरच घालवलाय. पण लागलंय ते पहिल्याने, म्हणून आधी तेच घेऊ.

माझा सल्ला कुठल्या सीटवरून येतोय तेही सांगून टाकतो. मी ६३ वर्षांचा. तीसेक वर्षं साधी सायकल चालवली. इलेक्ट्रिकवाला कुणी चढावर पुढे गेला की मागून “ओ स्कूटर!” म्हणून ओरडणाऱ्यांत मी होतो. तीन वर्षांपूर्वी माझाच दम कमी पडायला लागला, तेव्हा मुकाट्याने एक घेतली आणि पहिले चार महिने कुणाला सांगितलं नाही. बायकोकडून बॅटरीला काळ्या कापडाची खोळ शिवून घेतली होती. लोकांना वाटायचं पाण्याची पिशवी आहे. एकदा सिमरोलच्या पुढे चढावर मागच्याने विचारलं, “काका, पोटात काही गडबड आहे का? घूं घूं आवाज येतोय.” त्या दिवशी खोळ काढली. तेव्हा तुमच्या कंपूतल्या लोकांवर मी फार रागावणार नाही. ते जे बोलतात ते मी त्यांच्याआधी बोललोय.

‘रडीचा डाव’ म्हणायला आधी डाव असावा लागतो. शर्यत असेल तर मोटर ही लबाडी, त्यात वादच नाही. शर्यतवाल्यांनी तो प्रश्न केव्हाच सोडवलाय. जागतिक सायकल संघटनेने २०१९ साली कॅनडात मॉं-सँत-आन इथे माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धेत इलेक्ट्रिकचा वेगळा गट केला. मोटरवाले मोटरवाल्यांशी भिडले, दक्षिण आफ्रिकेचा ॲलन हॅथर्ली आणि स्वित्झर्लंडची नताली श्नायटर जिंकले, कुणाला काही वाटलं नाही. तुमच्या रविवारी शर्यत आहे का? नाही म्हणाल. पण कंपूतले चौघे तरी घरी आल्यावर फेऱ्या नोंदवायचं स्ट्राव्हा ॲप उघडून घाटाचे मिनिट-सेकंद बघत असणार, मला माहीत आहे. तर एक पथ्य पाळा. तुमची फेरी तिथे ‘ई-बाईक राइड’ म्हणून नोंदवा. तशी वेगळी सोय त्यात आहे. चढाच्या साध्या यादीत तुमचं नाव वर गेलं तर मात्र ती लबाडी, आणि ओरडण्याचा त्यांना हक्क आहे.

तुमच्या मित्रांची ही नाराजी आली कुठून? बऱ्याच अंशी परदेशी व्हिडिओंतून. तिथले माउंटन बाइकवाले इलेक्ट्रिकवर खरंच चिडलेले होते, काही अजून आहेत. पण त्यांचं कारण घामाचं नव्हतं. अमेरिकेत जंगलातल्या बऱ्याच पायवाटा ‘मोटर नसलेल्यांसाठी’ म्हणून राखून ठेवलेल्या असतात. पायी जाणारे आणि घोडेस्वार यांच्याशी कित्येक वर्षं भांडून सायकलवाल्यांनी त्या वाटांवर पाय ठेवला, सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन त्या स्वतः बांधल्या, खड्डे बुजवले, पाण्याला उतार दिला. आता मोटरची सायकल आत शिरली आणि कुणी तक्रार केली, तर सरसकट सगळ्याच सायकली बाहेर काढतील, ही त्यांची भीती. म्हणून तिथे वर्ग पाडले. पायडल मारलं तरच चालणारी आणि ताशी सुमारे ३२ किलोमीटरला मोटर बंद होणारी ती पहिल्या वर्गातली, थ्रॉटलवाली, म्हणजे हँडलवरच्या खटक्याने पायडल न मारताही चालणारी, दुसऱ्या, आणि ४५ पर्यंत मदत करणारी तिसऱ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या अंतर्गत खात्याने, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं आणि सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने, आपल्या जमिनींवर इलेक्ट्रिक सायकलींना वाट मोकळी करायचा आदेश काढला, त्यावरही रण माजलं. त्याआधी २०१५ मध्ये ओरेगॉनमधल्या एका ट्रेलवर माती किती उकरली जाते ते मोजलं होतं. पहिल्या वर्गातली इलेक्ट्रिक आणि साधी माउंटन बाइक यांत फारसा फरक दिसला नाही. मोटारसायकलने मात्र माती खूपच उधळली.

आपल्याकडे असल्या बांधलेल्या वाटा आहेतच कुठे? तिंछ्याच्या कड्याकडे जाणारी वाट गुराख्यांची, चोरलच्या पलीकडची वनखात्याची आणि तिथल्या पाड्यांची. तिच्यावरून भरलेली मोटारसायकल रोज जाते, दुधाच्या दोन बरण्या लटकवून. तिथे तुमच्या अडीचशे वॉटच्या मोटरने वाट बिघडेल असं कुणी म्हणालं, तर त्याला बरण्या दाखवा. परदेशवाल्यांचा राग आपण मागवला, कारण मात्र तिकडेच राहिलं.

आता यजमानांचं वाक्य. “त्यात तुझं काय राहिलं?” तुम्ही गणिताच्या बाई, तर हे गणिताने बघू. चूक निघाली तर कळवा.

समजा ३०० मीटर उंचीचा चढ आहे. तुमचं वजन ६२ धरतो (रागावू नका), सायकल १४ किलो, पाणी-पिशवी ४. एकूण ८०. एवढं वजन ३०० मीटर वर न्यायला साधारण ६५ वॉट-तास ऊर्जा लागते (एक वॉट तासभर दिला की एक वॉट-तास). तुमचे पाय सलग १०० वॉट देत असतील, तर ३९ मिनिटं. यजमान सामानासकट ९३ किलो आणि पाय १६० वॉटचे धरले, तर त्यांना साडेअठ्ठावीस. म्हणजे दहा-अकरा मिनिटांचा फरक, दर चढाला. वारा आणि दगडांचं घर्षण मी सोडून दिलंय, पण ते दोघांनाही आहे.

इलेक्ट्रिक सायकल २४ किलोची धरा. एकूण ९० किलो, आणि लागणारं काम साडेत्र्याहत्तर वॉट-तास. तुमचे १०० तसेच ठेवायचे आणि मोटरकडून फक्त ५० घ्यायचे. उत्तर येतं एकोणतीस मिनिटं. म्हणजे यजमानांच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं चाक. त्यासाठी बॅटरीतून जातं तीस-पस्तीस वॉट-तास. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची साधी बॅटरी म्हणजे ३६०, तिचा दहावा हिस्साही नाही. मदतीची सगळ्यात खालची पायरी लावली तरी हे होतं. दीडशेतले शंभर वॉट तुमचे. तुमचं काय राहिलं, तर दोन तृतीयांश राहिलं. वर्गात हा अपूर्णांक शिकवताना कुणी ‘काही नाही’ असं उत्तर लिहिलं, तर तुम्ही किती गुण द्याल?

शरीराचंही तेच. २०१९ साली अमेरिकेत ब्रिगम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ३३ सरावलेल्या माउंटन बाइकवाल्यांना एकाच वाटेवर दोन्ही सायकली चालवायला दिल्या. इलेक्ट्रिकवर हृदयाचे ठोके सरासरीने साध्या सायकलच्या ९४ टक्के भरले. गंमत म्हणजे चालवणाऱ्यांना स्वतःला मात्र श्रम कमी वाटले. म्हणजे काळजाला काम होतं आणि मनाला ते कळत नाही. याहून चांगला सौदा मला तरी माहीत नाही. अर्थात थ्रॉटल दाबून बसून राहिलात तर ठोके-बिके काही नाही, मग ती स्कूटीच, आणि तुमचे मित्र बरोबर.

पण खरी गोष्ट मला वेगळीच वाटते. शेवटच्याचं दुःख मागे राहण्यात फारसं नसतं. सात जण वर पोहोचतात. दगडावर बसतात, शेवेची पुडी फोडतात, फोटो काढतात, घाम वाळवतात. तुम्ही धापा टाकत येता. “आल्या, आल्या!” असा गलका होतो, टाळ्याही पडतात. आणि तुम्ही पाय टेकवता न टेकवता तोच कुणीतरी हेल्मेट चढवतं – चला, ऊन चढतंय. जो सगळ्यात जास्त दमलाय त्यालाच सगळ्यात कमी विसावा. सहा वर्षं दर रविवारी हे झालं असेल. यात कुणाचा दुष्टपणा नाही, त्यांनी तुमची दहा मिनिटं वाट पाहिली हे त्यांच्या लेखी उपकारच आहेत. मोटर तुमचा घाम काढून घेत नाही, ती तुम्हाला ती दहा मिनिटं परत देते. आणि त्यांना खुपतंय तेही बहुधा हेच. वाट पाहण्यात एक मोठेपणा असतो, तो त्यांच्या हातून सुटतोय. हे त्यांना बोलून दाखवू नका. मी तुम्हाला सांगतोय.

लबाडीचं संपलं. आता टिकण्याचं, आणि इथे मी तुमच्या बाजूने एवढा ठाम नाही.

पहिली अडचण नावाची. इंदुरात दुकानात जाऊन ‘ई-बाईक’ मागाल तर स्कूटर दाखवतील. ‘पायडलवाली इलेक्ट्रिक सायकल’ असं म्हणा. मग तो तीस-चाळीस हजारांपासून पुढे बऱ्याच दाखवेल. पुण्याची ईमोटोराड, हिरोची लेक्ट्रो वगैरे आपल्याकडच्या चालत्या नावांपैकी. त्यांतल्या बऱ्याच दिसायला एमटीबी असतात. जाड टायर, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक. दिसण्यावर जाऊ नका. मागच्या चाकाच्या मधोमध डब्यासारखी मोटर असेल तर ती हब मोटर. शहरात, सुपर कॉरिडॉरवर, चोरलच्या डांबरी रस्त्यावर उत्तम. खड्या चढावर तिची पंचाईत होते, कारण ती थेट चाकाला जोडलेली, तुमच्या गिअरशी तिचा संबंध नाही. चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, आणि जी वीज गतीत जायला हवी ती उष्णतेत जाते. मी मे महिन्यात सकाळी दहाला भेरूघाट खालून चढायचा शहाणपणा केला. अर्ध्यावर मोटर तापून बंद पडली. बिघडली नाही, तिने स्वतःला वाचवलं. मला कुणी वाचवायचं? सावलीत पाऊण तास बसलो. ट्रकवाले हात करून जात होते.

दुसरा प्रकार मिड-ड्राइव्ह. मोटर पायडलच्या मुळाशी, ताकद चेनमधून, म्हणून तुमचे गिअर तिलाही मिळतात. चढावर खालचा गिअर टाकला की ती हसत चढते. बॉश, शिमानो, यामाहा यांच्या मोटरी या जातीच्या. यामाहाने तर १९९३ सालीच पायडलला मदत करणारी सायकल जपानात बाजारात आणली होती. परदेशात माउंटन बाइकवाले इलेक्ट्रिक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर हीच असते. पुढे-मागे सस्पेन्शन, ५०० ते ७५० वॉट-तासांची बॅटरी, २२ ते २५ किलो वजन, आणि किंमत लाखांत. तुमच्या मित्रांनी व्हिडिओत पाहिलेली सायकल आणि तुम्हाला परवडणारी सायकल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ती पाहून हिची अपेक्षा करू नका. चेनही तिची लवकर झिजते, माणसाच्या पायाला मोटरची ओढ मिळते ना.

तुमच्या गुडघ्यासाठी मात्र मोटर कुठे आहे याहून सेन्सर कोणता आहे हे महत्त्वाचं, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. स्वस्त सायकलींत पायडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही चढावर थांबलात आणि पुन्हा निघालात, तर पायडलचा पहिला अर्धा फेरा मोटर झोपलेली. सगळा भार गुडघ्यावर, तोही २४ किलोच्या सायकलसकट. मग ती एकदम जागी होते आणि सायकल पुढे झेपावते. दगडाधोंड्यांत हे झेपावणं अंगाशी येतं. दुसरा टॉर्क सेन्सर. पाय किती जोर लावतोय ते तो मोजतो आणि त्या मापात लगेच मदत देतो. चार पैसे जास्त पडतील, पण गुडघ्यासाठी घेताय तर तोच घ्या. टॉर्क सेन्सर नसेल तर घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो. अस्थिरोगतज्ज्ञांना सीटच्या उंचीबद्दलही विचारा. कुरकुरीचं मूळ कित्येकदा सीट खाली असण्यात असतं.

मग वजन. चालवताना ते जाणवत नाही, उलट उतारावर सायकल जमिनीला धरून राहते. जाणवतं ते खाली उतरल्यावर. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पहिल्या महिन्यात पाठ धरली. आता खाली जिन्यापाशी कुलूप लावून ठेवतो आणि बॅटरी तेवढी काढून वर नेतो. रामबागेतलं तुमचं घर जुन्या वाड्यातलं असेल तर उंबरे मोजा. चोरलचा ओढा ओलांडताना आठही जण सायकली खांद्यावर घेतात, तेव्हा तुमची कोण घेणार? हा प्रश्न कंपूने विचारायला हवा होता, स्कूटीचा नव्हे. ब्रेकचंही तसंच. जाम घाट उतरताना दहा किलो जास्तीचं वजन ब्रेकला कळतं. तारेवरच्या डिस्क ब्रेकपेक्षा तेलावरचे, म्हणजे हायड्रॉलिक, मिळाले तर बघा.

पावसाळ्यात माळव्याची काळी माती तुम्हाला वेगळी सांगायला नको. जाड टायरला ती पुरणासारखी लिंपते आणि फोर्कमध्ये चाक अडकवते. साध्या सायकलला काठीने खरवडतो आणि घरी येऊन नळीने धुतो. इलेक्ट्रिकला जोराच्या पाण्याने धुवायचं नाही. शिंतोडे चालतात, झोत चालत नाही, आणि हब मोटर बुडेल अशा पाण्यात उतरायचंच नाही. माझ्या सायकलच्या एका जोडाला दुसऱ्या पावसाळ्यात पाणी लागलं आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, गेला. ज्या दुकानातून घेतली त्याने बघतो म्हटलं, कंपनीने पाठवतो म्हटलं, आणि सहा आठवडे गेले. गल्लीतला मेकॅनिक पंक्चर, चेन, ब्रेक सगळं करतो, पण वायर दिसली की हात जोडतो. म्हणून दुकानात किंमत विचारायच्या आधी विचारा की कंट्रोलर, डिस्प्ले आणि चार्जर इंदुरात शिल्लक आहेत का, दाखवा. ‘मागवून देऊ’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

त्या सहा आठवड्यांत मी २३ किलोची सायकल बिनमोटरची चालवली. वरच्या गणिताने तीनशे मीटरच्या चढाला पाचच मिनिटं जास्त लागतात. कागदावर. पायवाटेवर मी ती ढकलत नेली आणि पायडल दोनदा नडगीवर बसलं. म्हणून तुमची साधी एमटीबी विकू नका. कितीही मोह झाला, मुलाने मागितली, कुणी चांगली किंमत दिली, तरी नाही. परदेशातही अनेक जण दोन्ही ठेवतात, आणि ही त्यांची चैन नाही.

बॅटरी हा सायकलचा सगळ्यात महाग आणि आपोआप म्हातारा होणारा भाग. तुम्ही चालवा न चालवा, तिची काही वर्षांनी झीज होतेच, म्हणून दुसऱ्या हातची इलेक्ट्रिक सायकल घेऊ नका. उन्हाळ्यात महूला गाडी उन्हात लावून बॅटरी आत ठेवली तर ती वेळेआधी म्हातारी होईल. फेरीवरून आल्यावर अर्धा तास निवू द्या, मग चार्ज करा. महिनाभर चालवणार नसाल तर अर्धी भरलेली ठेवा, पूर्ण नाही आणि रिकामीही नाही. वीज मोजावी असं काही नाही, एका पूर्ण चार्जला अर्ध्या युनिटच्या आत. पण रात्री झोपताना लावून ठेवू नका आणि दाराच्या वाटेत तर नाहीच. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली. दारापाशी पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच बंद होते. सायकलबरोबर आलेला चार्जर सोडून दुसरा, बाजारातला ‘चालतोय हा पण’ म्हणणारा, लावायचा नाही. वाढीव बॅटरी जुळवून देणारे लोक भेटतात, त्यांच्यापासून चार हात लांब. आणि कधी मनाली-बिनालीचा बेत ठरला, तर ही बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत. मर्यादा १६० वॉट-तासांची आहे, तुमची तिच्या दुप्पट.

कायद्याचं दोन ओळींत. मोटर २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबणारी असेल, तर आपल्याकडे ती सायकलच. आरटीओ नाही, नंबर नाही, लायसन्स नाही. कुणी वेगाची मर्यादा ‘खोलून’ देतो म्हणाला तर नको म्हणा, त्या क्षणी ती कायद्याने मोटार वाहन होते. वनखात्याच्या फाटकावर मात्र चौकीदाराला मोटर दिसते, नियमाचं कलम दिसत नाही. तिथे वाद न घालता आधी विचारून घ्या.

तर घ्यायची का? घ्या, पण लगेच नाही. ओळखीच्या कुणाकडून, किंवा दुकानदाराकडून अनामत ठेवून, एका दिवसासाठी मिळवा. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर ती सगळ्यांनाच आवडते, तिथे फसू नका. सिमरोलपर्यंत न्या, एक खडा चढ चढा, मध्ये मुद्दाम थांबून पुन्हा निघा, मोटर बंद करून अर्धा किलोमीटर चालवा आणि एकदा उचलून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काय म्हणतो ते ऐका. मग ठरवा.

घेतलीत तर कंपूत राहण्याच्या दोन-तीन गोष्टी. पायवाटेवर थ्रॉटलला हात नाही. चढावर सगळ्यांच्या पुढे निघून जायचं नाही, मोह होईल, मलाही झाला होता. आणि सावध राहा, दुसऱ्याच रविवारी कुणीतरी म्हणेल, “वहिनी, तुमची मोटरची आहे ना, ही पाण्याची बाटली घ्या जरा.” तिसऱ्या रविवारी आठ जणांचे डबे तुमच्या कॅरिअरवर असतील. पंक्चरचं सामान आणि पंप तुम्ही घ्या, तेवढं शोभून दिसेल. डबे ज्याचे त्याने.

यजमानांशी वाद घालू नका. वरचं गणित हवं तर दाखवा, पण नवऱ्याला गणिताने पटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आमच्याकडे उलट बाजूनेही पटलेलं नाही. चाचणीची सायकल आणाल त्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या. जाताना तुम्ही ती चालवा आणि एका चढाला तरी त्यांच्या शेजारून चाला. बोलत. चढावर दोघं बोलत गेल्याचं गेल्या सहा वर्षांत कधी घडलं असेल असं वाटत नाही, कारण ते पुढे आणि तुम्ही दमात. परतीच्या चढाला सायकली बदला. त्यांनी मोटरची घ्यायची, तुम्ही त्यांची साधी, आणि वर पोहोचल्यावर त्यांना तुमच्यासाठी थांबू दे. त्या थांबण्यात त्यांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना कळेल, तुम्ही विचारू नका.

सीट दोघांनाही वर-खाली करावी लागेल. क्विक रिलीज, म्हणजे हाताने सैल होणारी खटकी, नसेल तर बहुतेक पाच नंबरची ॲलन की लागते, ती निघण्याआधी बॅगेत टाका.

– तुमचा दादा